दीक्षेची साक्ष : पत्र, अभंग आणि गाव

दीक्षा ही गुरू आणि शिष्य या दोघांतच घडणारी घटना होय. तिसरा साक्षीदार तिथे बहुधा नसतो. म्हणूनच प्रत्येक दीक्षासंप्रदायाला आपल्या परंपरेची साक्ष संहितेतून उभी करावी लागते, आणि त्या संहितेच्या प्रकारावर संप्रदायातील अधिकाराचे स्वरूप ठरते. पाश्चात्त्य थेलेमापंथ आणि पारनेर तालुक्यातील वारकरी परंपरा शेजारी ठेवल्या असता हे स्पष्ट होते. दोहोंत ऐतिहासिक संबंध नाही. तुलना केवळ साक्षीच्या रचनेची आहे.

लंडनमध्ये 1888 साली स्थापन झालेल्या ‘गोल्डन डॉन’ या गुप्त मंडळाचा अधिकार एका जर्मन साधिकेच्या कथित पत्रांवर उभा होता. 1900 मध्ये मॅथर्स या संस्थापकानेच ती पत्रे बनावट असल्याचे कळवले, आणि मंडळ फुटले. 1898 मध्ये याच मंडळाची दीक्षा घेतलेल्या अ‍ॅलिस्टर क्रॉलीने 1904 मध्ये कैरो येथे निराळा आधार पुढे केला : एका अदृश्य वाणीने तीन दिवस सांगितलेला ग्रंथ. ‘थेलेमा’ म्हणजे ग्रीक भाषेत इच्छा. आपली खरी इच्छा ओळखून तीच आचरणे, हा या पंथाचा गाभा. पत्राची जागा अशा रीतीने वाणीने घेतली. परंतु संघटनेच्या वारशाचा प्रश्न येताच पत्र परतले. क्रॉली 1947 मध्ये वारला. त्याचा उत्तराधिकारी गेर्मर 1962 मध्ये वारस न नेमताच निवर्तला. ‘ऑर्डो टेम्पली ओरिएंटिस’चा वारसा अखेर क्रॉलीने मॅकमर्ट्रीला दिलेल्या अधिकारपत्रांच्या बळावर 1985 मध्ये अमेरिकी न्यायालयात निश्चित झाला.

वारकरी परंपरेतही खंड आहेत. पण ते पत्राने सांधलेले नाहीत. तुकारामांना बाबाजींचा उपदेश स्वप्नात झाला, बहिणाबाईंना तुकारामांचा. पारनेर तालुक्यातील पिंपळनेरच्या निळोबांवर तर तुकारामांचा अनुग्रह त्यांच्या निर्वाणानंतर झाला, असे परंपरा मानते. स्वप्नाला दस्तऐवज नसतो. त्याची साक्ष अभंग देतो, आणि तो अभंग कीर्तनात स्वीकारला जाणे हाच त्याचा निवाडा. ब्राह्मण बहिणाबाई व निळोबा कुणबी तुकारामांना गुरू मानू शकले, ते या साक्षीच्या बळावर; वर्णाधिकाराच्या चौकटीतील कोणत्याही लेखी अधिकारपत्राने हे साधले नसते. मात्र स्वप्नदीक्षेत प्रत्यक्ष सहवासाची कसोटी लागत नाही, हेही विसरता येत नाही. स्वप्न जातिभेद ओलांडते आणि त्याच वेळी त्याला प्रत्यक्षात भिडण्याचे टाळते. बहिणाबाईंच्या आत्मकथनपर अभंगांतील घरचा विरोध व छळ हा म्हणूनच केवळ चरित्राचा तपशील ठरत नाही. स्वप्नाने टाळलेली कसोटी तिथे आयुष्याने घेतलेली दिसते.

त्याच तालुक्यातील राळेगणसिद्धीत साक्षीचा तिसरा प्रकार आढळतो. अण्णा हजारे यांनी 1975 नंतर यादवबाबांच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. त्याच मंदिरात गावाने दारूबंदीचा निर्धार केला. ही दीक्षा नव्हे. परंतु संकल्पाला देवासमोरची साक्ष देण्याची रचना तीच आहे. येथे गुप्ततेला वाव नाही, कारण सारे गावच साक्षीदार आहे. मात्र साक्षीदार गाव दंडाधिकारीही होऊ शकते : दारू न सोडणाऱ्यांना खांबाला बांधून फटके दिल्याचे हजारे यांनी जाहीरपणे सांगितले आहे. ज्याने स्वतः संकल्प केलाच नाही, त्याच्यावर गावाचा संकल्प लादला जातो, तेव्हा थेलेमापंथाने व्यक्तीच्या इच्छेला दिलेले महत्त्व केवळ स्वैराचार म्हणून झटकता येत नाही.

तात्पर्य, पत्र खोटे ठरू शकते, अभंगाला पुरावा मागता येत नाही आणि गाव सक्ती करू शकते. परंपरेच्या खरेखोटेपणाचा निवाडा करू पाहणारी समीक्षा बहुधा पत्राचाच निकष सर्वत्र लावते, आणि अभंगाला दुबळा इतिहास ठरवते. वास्तविक अभंग इतिहासाचा पुरावा म्हणून नव्हे, तर अधिकार नाकारलेल्यांनी अधिकार कसा रचला याची संहिता म्हणून वाचावयास हवा. तसे वाचले तर निळोबांचे स्वप्न खरे की खोटे हा प्रश्न मागे पडतो. ते कोणाला बोलण्याचा हक्क देते, हा प्रश्न उरतो.