इंग्लिसचं सूत्र वापरण्याआधी
ओढ्यावरच्या मोरीसाठी महत्तम पूर काढायचा म्हटलं की इंग्लिसचं सूत्र पुढे येतं: पाणलोटाचं क्षेत्रफळ चौरस किलोमीटरमध्ये घ्या, १२४ने गुणा, मग क्षेत्रफळात १०.४ मिळवून त्याच्या वर्गमुळाने भागा. १० चौ. किमी.ला उत्तर येतं सुमारे २७५ घनमीटर प्रति सेकंद. म्हणजे अख्ख्या पाणलोटावरून तासाला ९९ मिमी पाणी! सूत्र बेतलंय पश्चिम घाटातल्या नद्यांवरून. तिथे एकवेळ ठीक. पण माणदेशातल्या ओढ्यालाही ते हाच आकडा देणार, कारण त्यात पाऊस, उतार, माती काहीच नाही. हा पूर ५० वर्षांतून एकदा येणारा की ५०० वर्षांतून, तेही कळत नाही. म्हणून प्रबंधात ते फक्त ताळा म्हणून वापरा. मोरीला धोका किती, हे त्यातून सांगू नका.