विद्युच्चुंबकीय क्षेत्रांची कामगार-मर्यादा : एक चिकित्सा

१

यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाच्या शरीरावर विद्युच्चुंबकीय क्षेत्राचा किती भार पडू द्यावा, हा प्रश्न वरवर पाहता पदार्थविज्ञानाचा व शरीरविज्ञानाचा आहे. अपाय कोठे सुरू होतो ते प्रयोगाने पाहावे आणि त्याच्या बऱ्याच अलीकडे रेघ ओढावी म्हणजे प्रश्न सुटला, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज अपुरा आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय. मर्यादेच्या आकड्यात दोन भिन्न जातींची विधाने एकत्र आलेली असतात. त्यांपैकी एक निसर्गाविषयी असते, तर दुसरे माणसाच्या सामाजिक स्थितीविषयी. पहिल्याची छाननी कसोशीने होते. दुसरे बहुधा गृहीत धरले जाते. हे गृहीत जेथे खोटे ठरते तेथे आकडा बिनचूक असूनही मर्यादा कुचकामी होते.

ही चिकित्सा करण्यास बारवी धरणाचा परिसर उपयुक्त आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या या धरणाचे पाणी अंबरनाथ, बदलापूर, डोंबिवली येथील औद्योगिक वसाहतींना जाते आणि उल्हासनगरसारख्या दाट वस्तीच्या शहरालाही जाते. कारखाना आणि घर यांचा पाणवठा येथे एकच आहे. ‘कामगार’ आणि ‘सामान्य जनता’ असे माणसांचे दोन वर्ग पाडून प्रत्येकाला वेगळा आकडा लावणारे शास्त्र अशा प्रदेशात कितपत टिकते, ते पाहिले पाहिजे.

२

मर्यादांचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. १९५३ साली हर्मन श्वान यांनी अमेरिकेच्या नौदलासाठी सूक्ष्मतरंगांच्या भाराचा विचार करताना उष्णतेचा निकष स्वीकारला. शरीर किती उष्णता बाहेर टाकू शकते याचा हिशेब करून दर चौरस सेंटीमीटरला १०० मिलिवॉट हा भार धोक्याचा मानावा आणि त्याच्या दशांशाइतकी, म्हणजे १० मिलिवॉटची, मर्यादा ठेवावी, असा तो विचार होता. पुढे १९६६ च्या अमेरिकन मानकात हाच १० चा आकडा आला. त्याच सुमारास, १९५० च्या दशकाच्या अखेरीस, सोव्हिएत संघाने पूर्ण दिवसाच्या कामासाठी जी मर्यादा घातली ती ०.०१ मिलिवॉटची होती. दोन आकड्यांत एक हजार पटींचे अंतर होते.

एकाच निसर्गाचे वाचन करणाऱ्या दोन विज्ञानपरंपरांत इतके अंतर का पडावे? मोजणीतील चुकांनी त्याचा उलगडा होत नाही. अमेरिकन परंपरेने ‘अपाय’ म्हणजे ऊतकांची उष्णतेने होणारी हानी असे मानले. सोव्हिएत परंपरेने कामगारांची डोकेदुखी, थकवा, झोपेचा बिघाड, मज्जासंस्थेच्या प्रतिक्रियांतील बदल यांनाही अपायात जागा दिली. त्या निरीक्षणांची पद्धत पुष्कळदा सैल होती व इतरत्र ती नीट पडताळता आली नाहीत, हा आक्षेप योग्यच आहे. परंतु कामगाराची तक्रार पुरावा मानावी की नाही, हा निर्णय कोणत्याही उपकरणाने दिलेला नव्हता. तो मोजणी सुरू होण्यापूर्वीच झालेला होता.

३

आज जगात सर्वाधिक मान्यता पावलेल्या मर्यादा अनायनकारी प्रारण-संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या आहेत. रेडिओ-तरंगांच्या बाबतीत या आयोगाने १९९८ मध्ये व पुन्हा २०२० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांची रचना सुबोध आहे. सबंध शरीराने दर किलोग्रॅम वजनामागे ४ वॉट शक्ती शोषली तर अंतर्गत तापमानवाढीचा प्रश्न उपस्थित होतो, असे धरून कामगारासाठी या मूल्याला १० ने भागले आहे आणि सामान्य जनतेसाठी ५० ने. म्हणजे कामगाराला दर किलोग्रॅममागे ०.४ वॉट व इतरांना ०.०८ वॉट. साठ किलोग्रॅम वजनाच्या माणसाच्या बाबतीत हा हिशेब २४ वॉट आणि ४.८ वॉट असा होतो.

४ वॉट हे निसर्गाविषयीचे विधान आहे. त्यावर प्रयोग करता येतात, वादही घालता येतो. परंतु २४ आणि ४.८ यांमधील पाचपटीचा भेद कशावर उभा आहे? घरात राहणाऱ्या माणसाची त्वचा वेगळी व कारखान्यात जाणाऱ्याची वेगळी, असे कोणी म्हणत नाही. आयोगाने या भेदाचे समर्थन दिलेले आहे. सामान्य जनतेत बालके, वृद्ध व रुग्ण येतात आणि आपण क्षेत्रात वावरत आहोत याची त्यांना जाणीवही नसते. कामगार मात्र प्रौढ असतो, नियंत्रित परिस्थितीत काम करतो, धोक्याची माहिती व तो टाळण्याचे शिक्षण त्याला मिळालेले असते आणि त्याच्यामागे आरोग्य व सुरक्षिततेची व्यवस्था उभी असते. २०२० च्या तत्त्वांत तर या अटी कामगाराच्या व्याख्येतच घातलेल्या आहेत.

येथे विषयाचे मर्म आहे. आयोगाच्या अर्थाने ‘कामगार’ होण्यास हजेरीपटावर नाव असणे पुरेसे नाही. माहिती, शिक्षण व देखरेख लाभलेला माणूसच त्या नावास पात्र ठरतो. या तीन गोष्टी ज्याला मिळालेल्या नाहीत तो कारखान्याच्या आत उभा असला तरी त्याला लागू पडणारा आकडा सामान्य जनतेचाच होय. गर्भाच्या बाबतीत आयोगाने हे तर्कशास्त्र स्वतःच पाळले आहे. आईचे काम कोणतेही असो, गर्भाला सामान्य जनतेची मर्यादा लागू होते. मात्र व्यवहारात आयोगाचे तक्ते सर्वत्र पोहोचतात आणि त्यांच्या पाठीशी असलेली व्याख्या मागे राहते. आकडा अटीपासून सुटा होतो, आणि संरक्षणासाठी ठेवलेली सवलत धोक्याचा परवाना बनते.

आकडा आणि अट यांची अशी फारकत झाली तर काय घडते, हे बारवी धरणानेच एका वेगळ्या क्षेत्रात दाखवून दिले आहे. धरणाची उंची वाढविण्यात आली व पूर्ण भरण्याची पातळी ७२.६० मीटर ठरली. भिंत व दरवाजे हा पाणी पेलण्याच्या बळाचा, म्हणजे अभियांत्रिकीचा, प्रश्न होता. परंतु त्या पातळीखाली तोंडली, काचकोली यांसारखी गावे होती. भिंत सज्ज होऊनही विस्थापितांच्या पुनर्वसनाचा प्रश्न लोंबकळत राहिला, आणि तो राहिला तोवर वाढीव साठाही अडून राहिला. २०१९ च्या पावसाळ्यात धरण नव्या पातळीपर्यंत भरले. पातळी किती असावी हे भिंत सांगू शकते. ती कोणाच्या अंगणातून जाते, हे भिंत सांगत नाही.

४

कामगार-मर्यादेचा दुसरा गुंता असा की, ‘क्षेत्र’ या एका शब्दाखाली अनेक भिन्न गोष्टी येतात. कल्याणहून विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर असा कर्जतकडे जाणारा लोहमार्ग याचे चांगले उदाहरण आहे. मध्य रेल्वेच्या मुख्य उपनगरी मार्गावर पूर्वी १,५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह होता. २०१५ पर्यंत टप्प्याटप्प्याने त्याच्या जागी २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आला. एकदिश प्रवाहाभोवतीचे चुंबकीय क्षेत्र स्थिर असते. २००९ च्या तत्त्वांप्रमाणे कामगाराच्या डोक्यास व धडास अशा क्षेत्राची मर्यादा २ टेस्ला आहे. सेकंदाला ५० आवर्तने करणारे क्षेत्र मात्र शरीरात विद्युत्क्षेत्र प्रेरित करते व मज्जातंतूंना उद्दीपित करू शकते. त्यामुळे २०१० च्या तत्त्वांप्रमाणे कामगारासाठी त्याची मर्यादा १ मिलिटेस्ला आहे. तारेखाली काम करणारा माणूस तोच, रूळही तेच. पण त्याला लागू पडणारा आकडा दोन हजार पटींनी उतरला. प्रत्यक्ष क्षेत्र या आकड्यांच्या जवळपास पोहोचते असे यावरून मुळीच समजू नये. लक्षात घ्यावयाचे ते एवढेच की, कोणते क्षेत्र हे ठाऊक नसलेल्यास किती क्षेत्र हे विचारताच येत नाही, आणि हे ज्ञान डोळ्यांना किंवा नाकाला होत नाही. या पट्ट्यातील रहिवासी रासायनिक कारखान्याचा दोष वासावरून ओळखतो. क्षेत्राला वास नाही.

मर्यादेशी खरी गाठ पडते ती लहान यंत्रांपाशी. प्लॅस्टिकचे थर सांधणारे रेडिओ-तरंगी यंत्र घ्यावे. दोन धातूच्या पट्ट्यांमध्ये थर दाबून २७.१२ मेगाहर्ट्झचे क्षेत्र लावले की ते आतून तापून एकजीव होतात. चालकाचे हात व धड पट्ट्यांपासून हातभर अंतरावर असतात. अशा यंत्रांपाशी कामगार-मर्यादेपेक्षा अधिक भार पडत असल्याचे अनेक देशांतील मोजणीत आढळले आहे. उपायही माहीत आहेत : यंत्राला धातूचे आवरण, योग्य भूसंपर्कन, चालकाचे अंतर. पण आवरणामुळे हाताचा वेग मंदावतो, आणि उक्त्या मजुरीत वेग म्हणजेच रोजी. ठेकेदारामार्फत आलेला, यंत्राची भाषा न शिकविलेला माणूस जर अशा यंत्रापाशी बसविला, तर १९९८ च्या तक्त्यातील ६१ व्होल्ट प्रतिमीटर हा कामगाराचा आकडा त्याच्यासाठी नाहीच. त्याचा आकडा २८ आहे.

यात हवामानाचीही भर पडते. दहाच्या गुणकात सभोवारच्या तापमानासारख्या अनिश्चिततांची तरतूद अंतर्भूत आहे. मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली, दमट हवेत अंगमेहनत करणाऱ्याचे शरीर ही शिल्लक आधीच खर्च करीत असते.

५

भारतीय कायद्याने या प्रश्नाकडे कसे पाहिले? भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये १९४८ च्या कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन कामाच्या जागेतील भाराच्या मर्यादांची अनुसूची आली. ती रासायनिक व विषारी द्रव्यांची होती. विद्युच्चुंबकीय क्षेत्राला तीत स्थान नव्हते. त्या अधिनियमाची जागा घेण्यासाठी झालेल्या २०२० च्या संहितेतील संबंधित कलमही रासायनिक व विषारी द्रव्यांविषयीच बोलते. याउलट मोबाइल मनोऱ्यांबाबत लोकांत चिंता पसरताच केंद्र शासनाने १ सप्टेंबर २०१२ पासून सामान्य जनतेसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादेचा दशांश लागू केला. ९०० मेगाहर्ट्झला दर चौरस मीटरमागे ४.५ वॉटऐवजी ०.४५ वॉट. गच्चीवरील मनोऱ्याला आवाज उठविणारे शेजारी मिळाले. बंद दाराआडच्या यंत्राला ते मिळाले नाहीत.

युरोपातही मर्यादेचा इतिहास असाच आहे. २००४ च्या युरोपीय निर्देशातील कामगार-मर्यादांमुळे चुंबकीय अनुस्पंदन-प्रतिमांकनाचे काम अडेल, असा आक्षेप वैद्यकीय क्षेत्राने घेतला. २००८ मध्ये निर्देशाची मुदत पुढे ढकलली गेली आणि २०१३ च्या नव्या निर्देशात त्या तंत्राला सशर्त सूट मिळाली. आक्षेप सयुक्तिक होता व सूटही अटींसह होती. पण संघटित वाणीच आकड्यापर्यंत पोहोचते, हे त्यातून स्पष्ट झाले.

६

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. गुणक मुळातच उदार आहे आणि मर्यादेखालील क्षेत्रांनी अपाय होतो याचा निर्णायक पुरावा नाही. मग एवढी चिकित्सा कशासाठी? आक्षेपातील वस्तुस्थिती मान्य केली पाहिजे. कर्करोग-संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने अतिनिम्न वारंवारतेच्या चुंबकीय क्षेत्रांना २००२ मध्ये व रेडिओ-तरंगांना २०११ मध्ये ‘संभाव्य’ कर्ककारकांच्या गटात घातले. हा गट संशय नोंदवितो, दोष सिद्ध करीत नाही. भीती पसरविणे हे समीक्षेचे काम नव्हे. परंतु येथील मुद्दा मर्यादेखालील क्षेत्राचा नसून मर्यादा कोणती, हा आहे. सिद्ध झालेल्या उष्णताजन्य अपायापासूनही संरक्षण तेव्हाच मिळते, जेव्हा यंत्रापाशी मोजणी होते आणि तिचा अर्थ तेथे बसणाऱ्याला कळतो.

म्हणून नियमाची दिशा उलटी असावयास हवी. कारखान्यात शिरणाऱ्या प्रत्येकाला प्रथम सामान्य जनतेची मर्यादा लागू व्हावी. त्याला धोक्याची माहिती त्याच्या भाषेत दिली, शिक्षण दिले, यंत्रापाशी मोजणी करून ती नोंदविली व देखरेख ठेवली, हे मालकाने सिद्ध केल्यावरच पाचपट आकडा वापरण्याची मुभा मिळावी. शरीरात हृदयगतिप्रेरक बसविलेल्यांचा विचार स्वतंत्र व्हावा. यासाठी नवा शोध लागण्याची गरज नाही. आयोगाच्या व्याख्येत जे लिहिले आहे त्याचा भार कामगाराच्या अंगावरून काढून मालकाच्या खांद्यावर ठेवला की पुरे.