गाठ वजा रक्त

२०१३ साली 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये गाल-हिरडीच्या कर्करोगावर एक शोधनिबंध आला. खारघरचं कर्करोग संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक आणि बंगालमधल्या कल्याणीची जीनोमिक्स संस्था यांचं काम. विषय आपल्याच लोकलच्या डब्यातला. नालासोपाऱ्याला गाडीत शिरलं की तंबाखू मळून चिमूट जिथे दाबतात, तिथेच ही गाठ उगवते. मी तो निबंध पुन्हा पुन्हा वाचतो, ते त्यातल्या वजाबाकीसाठी.

५० रुग्ण. प्रत्येकाच्या गाठीतून डीएनए काढला, आणि त्याच माणसाच्या रक्तातूनही. दोन्हींतला प्रथिनांची कृती सांगणारा भाग, एकूण डीएनएचे जेमतेम एक-दोन टक्के, तेवढाच वेचून वाचला. यंत्र मजकूर सलग देत नाही, छोटे छोटे तुकडे देतं. तुकडा कुठला, ते मानवी जनुकसंचाच्या प्रमाण प्रतीशी ताडून ठरतं. सोपाऱ्यात १८८२मध्ये पुराविद भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या लेखाचा फुटका तुकडा मिळाला. तो आठव्या शिलालेखाचा हे कळलं, कारण गिरनारसारख्या ठिकाणांहून तो मजकूर आधीच हाती आला होता. रीत तीच.

पण प्रमाण प्रतीहून निराळं दिसलेलं प्रत्येक अक्षर रोगाचं नसतं. आईबापांकडून आलेले असे हजारो फरक तुमच्या-माझ्यातही आहेत. म्हणून रक्त हवं. रक्तात आणि गाठीत दोन्हीकडे सापडलं ते जन्मासोबत आलेलं. नुसतं गाठीत आहे ते पुढे घडलेलं. दुसऱ्या कुणाचं निरोगी रक्त इथे कामाचं नाही, कारण जन्मजात फरक ज्याचे त्याचे वेगळे. शिवाय गाठही निखळ नसते, तिच्यात चांगल्या पेशी मिसळलेल्या असतात. मग बदललेलं अक्षर काही तुकड्यांतच दिसतं, आणि ते यंत्राची चूक नाही याची खात्री पटायला तीच जागा अनेकवार वाचावी लागते.

एवढ्यावर निबंध छापता आला असता. लेखकांनी आणखी ६० रुग्णांत पडताळा घेतला, आणि मगच जनुकांची नावं घेतली: टीपी५३, फॅट१, कॅस्प८, नॉच१ ही डोक्या-मानेच्या इतर कर्करोगांतही बिघडणारी, यूएसपी९एक्स, एआरआयडी२ ही या जागेची खास. तंबाखू खाणाऱ्या आणि भरपूर बदल झालेल्या रुग्णांत डीएनएच्या सी अक्षराच्या जागी जी आल्याचं प्रमाण मोठं होतं. मला सर्वांत भिडतं ते हे: सवयीची खूण एका अक्षरावर दिसते.

शेवटी काही उपगटांत रोगमुक्त काळ जास्त असल्याचं सांगितलंय. इतक्या रुग्णांचे गट पाडले की एकेका गटात मोजकेच उरतात. त्यावर मी इतक्यात भिस्त ठेवणार नाही.