माणसांसकट जंगल

जॉन म्यूरची योसेमिटीवरची पुस्तकं मला आवडतात. अमेरिकन संवर्धन चळवळीला भाषा दिली ती त्यांनीच. पण त्या दरीतल्या अहवानीची लोकांना १८५१ साली बंदुकीच्या धाकानं हुसकावलं होतं. म्यूरच्या पानांवर ते कडेलाच राहतात.

मिलिंद बोकील यांचं ‘गोष्ट मेंढा गावाची’ वाचताना उलटं घडतं. गडचिरोलीतल्या या गोंड गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. बोकिलांच्या गद्यात म्यूरची झळाळी नाही. ग्रामसभा आहे, बांबू आहे, सर्वसहमतीसाठी लागणारा चिवटपणा आहे. जंगल राखणं म्हणजे रोजचं काम, हे त्या साधेपणामुळेच पटतं. सामाजिक पुस्तकांच्या कप्प्यातून काढून मी ते म्यूरशेजारी ठेवेन.