योजनेच्या भाषेतील लुप्त कर्ता

शासकीय योजनांची यादी हा समीक्षेचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका या लेखाचे शीर्षक पाहून काही वाचकांच्या मनात येईल. यादीत रस नसतो, अलंकार नसतात, शैलीही नसते, हे खरे. परंतु यादीला वाक्यरचना असते. आणि जेथे वाक्यरचना आहे तेथे कर्ता कोण, कर्म कोणते, संप्रदान कोणाचे, हे प्रश्न विचारण्याचा भाषाभ्यासकाला अधिकार आहे. जळगाव व धुळे या दोन जिल्ह्यांत तरुण पिढीतील कौटुंबिक व लैंगिक हिंसेला आळा घालण्यासाठी स्थानिक स्वराज्य संस्थांचा पैसा कसा खर्च व्हावा, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात याच अंगाने करावयाचा आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. महाराष्ट्रात जिल्हा परिषदेने आपल्या स्वउत्पन्नाच्या १० टक्के रक्कम महिला व बालकल्याण समितीमार्फत खर्च करावयाची असते. ग्रामपंचायतीसही १० टक्क्यांचेच बंधन आहे. महापालिका व नगरपालिकांसाठी हे प्रमाण अंदाजपत्रकाच्या ५ टक्के आहे. येथे ‘स्वउत्पन्न’ हा शब्द लक्षात ठेवण्यासारखा आहे. जिल्हा परिषदेच्या हातून खर्च होणाऱ्या पैशाचा फार मोठा भाग राज्य व केंद्र शासनाच्या अनुदानाचा असतो. स्वतःचे उत्पन्न त्यामानाने अल्प. म्हणजे हे दहा टक्के एका लहान आकड्याचे दहा टक्के होत. पंधरा तालुक्यांच्या जळगावात ते अपुरे पडतात. मग चार तालुक्यांच्या धुळ्याविषयी अधिक बोलावयास नको. निधी जेवढा तुटपुंजा, तेवढा त्यातील प्रत्येक शब्द मोलाचा.

हा निधी कशावर खर्च करावा, याची यादी २०१४ च्या शासननिर्णयाने घालून दिली. तिचे दोन गट आहेत : प्रशिक्षण व सक्षमीकरणाचा एक, वस्तू पुरविण्याचा दुसरा. पहिल्या गटात मुलींना स्वसंरक्षणाचे प्रशिक्षण, महिलांसाठी समुपदेशन केंद्र, तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या मुलींसाठी वसतिगृह, किशोरवयीन मुली व महिला यांना लिंगभाव, आरोग्य व कायदा यांविषयीचे प्रशिक्षण अशी कलमे येतात. दुसऱ्यात शाळकरी मुलींना सायकली, अंगणवाड्यांना साहित्य इत्यादी. यांतील एकाही कलमाची उपेक्षा करण्याचा आमचा हेतू नाही. सायकल ही क्षुल्लक वस्तू नव्हे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९–२१) वीस ते चोवीस वयोगटातील, अठरा वर्षांच्या आत विवाह झालेल्या स्त्रियांचे प्रमाण राज्यात २१.९ टक्के आढळले. धुळे जिल्ह्यात ते ४० टक्क्यांच्या घरात होते. ज्या जिल्ह्यात मुलगी शाळेतून सुटली की बोहल्यावर उभी राहते, तेथे तिला शाळेत टिकविणारी सायकल हे हिंसाप्रतिबंधाचेच साधन होय.

तथापि ही यादी व्याकरणाच्या दृष्टीने वाचली म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. हिंसेशी ज्यांचा निकटचा संबंध आहे ती बहुतेक सारी कलमे चतुर्थीत आहेत : मुलींना, महिलांना, किशोरींना. देणारी जिल्हा परिषद, घेणारी मुलगी. क्रिया एकच, आणि ती म्हणजे ‘देणे’. ज्या क्रियेमुळे हे देणे आवश्यक झाले ती मारण्याची, धमकावण्याची, अंगावर हात टाकण्याची क्रिया यादीत कोठेच नाही. मग तिचा कर्ता कोठून असणार? ‘स्वसंरक्षण’ हा सामासिक शब्दच पाहा. ‘संरक्षण’ म्हटले की पंचमीची अपेक्षा उत्पन्न होते : कोणापासून? ‘स्व’ पुढे येताच ती अपेक्षा गिळली जाते. संरक्षण करणारी तीच, संरक्षण व्हावयाचे तिचेच. तिसरा कोणी या समासात नाही.

हा दोष एकट्या शासनाच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे होईल. आपली मराठी या बाबतीत पूर्वीपासूनच सराईत आहे. ‘तो बायकोला मारतो’ हे वाक्य मराठीत आहेच; पण बोलताना आपण ते टाळतो. आपण म्हणतो, ‘ती मार खाते’. येथे मार खाणारीच कर्ता झाली, जणू भाकरीप्रमाणे मारही तिने आपल्या हाताने उचलून तोंडात घातला! ‘तिला मार बसतो’ असे म्हटले तर कर्तृत्व ‘मार’ या नामाकडे जाते. ‘तिच्यावर अत्याचार झाला’ यात अत्याचार आपोआप होतो, जसा पाऊस होतो. ‘टाकलेली बाई’ म्हणताना टाकणारा कोण, हे धातुसाधित विशेषण सांगत नाही. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या व्याकरणग्रंथापासून आपण प्रयोगांची चर्चा करीत आलो. या प्रयोगांच्या आड कोण लपते, याची चर्चा मात्र आपण क्वचितच केली.

याची जाणीव प्रस्तुत लेखकास एका चुकीतून झाली. काही वर्षांपूर्वी किशोरवयीन मुलींसाठी निघावयाच्या एका पत्रकाची भाषा तपासून देण्याचे काम आमच्याकडे आले होते. आम्ही शुद्धलेखन सुधारले, दोन बोजड शब्द काढले आणि शेवटी ठळक अक्षरांत एक ओळ घातली : ‘अत्याचारास बळी पडू नका.’ ओळ आम्हांस आवडलीही होती. पुढे पदव्युत्तर वर्गात हे पत्रक उदाहरणादाखल वाचून दाखविले तेव्हा एका विद्यार्थिनीने शांतपणे विचारले, “सर, हे आज्ञार्थी क्रियापद कोणाला उद्देशून आहे?” आज्ञा मुलीला होती. न पडण्याची जबाबदारी तिची होती. जो तिला पाडतो त्याला आमच्या पत्रकाने एक शब्दही सांगितला नव्हता. आम्हांस उत्तर देता आले नाही. पत्रक तोवर वाटून झाले होते.

खानदेशाला या प्रश्नाचे गांभीर्य नव्याने पटवून देण्याची गरज नाही. तरुण मुलींना छायाचित्रांच्या धाकाने लैंगिक शोषणास बळजबरीने ओढल्याचे प्रकरण १९९४ साली जळगावात उघडकीस आले, आणि आरोप झालेल्यांत नगरपालिकेच्या राजकारणातील माणसेही होती. ते प्रकरण वृत्तपत्रांत ‘जळगाव वासनाकांड’ या नावाने रूढ झाले. या समासाचा विग्रह करून पाहावा. त्यात गाव आहे, वासना आहे, कांड आहे. करणारा नाही आणि जिने सोसले तीही नाही. कलंक गावाच्या नावाला लागला आणि पुढे गावातील प्रत्येक मुलीच्या स्थळाला त्याची झळ पोचू लागली. अनामिक कर्त्याची शिक्षा अशी भलत्यांनाच भोगावी लागते.

याच्या उलट कायद्याची रचना पाहावी. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ साली संमत झाला व २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. त्याच्या शीर्षकात पंचमी आहे, आणि तिसऱ्या कलमातील हिंसाचाराची व्याख्या प्रतिपक्षाच्या कृतीपासून व वर्तनापासून सुरू होते. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक, तसेच आर्थिक असे छळाचे प्रकार तो सांगतो. पण प्रत्येक प्रकारामागे करणारा उभा आहे. कायद्याला कर्ता आहे, निधीला नाही. म्हणून घडून गेलेल्या हिंसेचा विचार कायद्याला करता येतो आणि घडू पाहणाऱ्या हिंसेचा विचार निधीला करता येत नाही. प्रतिबंध म्हणजे कर्त्याला क्रियेआधी गाठणे.

यावर असा आक्षेप येईल की, निधी महिला व बालकांचा आहे, त्यात पुरुषांना वाटा कशासाठी? आक्षेप विचारार्ह आहे. स्त्रियांच्या ताटातले काढून पुरुषांना वाढावे असे कोणीही सुज्ञ म्हणणार नाही. परंतु ‘बाल’ या शब्दात मुलगा येतोच. २०१२ चा लैंगिक अपराधांविषयीचा बालसंरक्षण कायदाही बालक म्हणताना मुलगा-मुलगी असा भेद करीत नाही. अत्याचार सोसणाऱ्यांत मुलगेही असतात, हे तो जाणतो. शिवाय आठवीतल्या मुलाशी चार गोष्टी बोलणे हे त्याला काही ‘देणे’ नव्हे. ते त्याच्या वर्गातील मुलीचेच संरक्षण आहे. असे प्रयत्न महाराष्ट्रात झालेले आहेत. पत्नीला मारणे अयोग्य मानणाऱ्या पुरुषांनी पुढे यावे, असे एक निवेदन १९९१ साली वृत्तपत्रात प्रसिद्ध झाले. त्याला दोनशेंवर पुरुषांनी उत्तर दिले आणि त्यातून १९९३ साली मुंबईत ‘मावा’ ही पुरुषांची संघटना उभी राहिली. २००८ ते २०१० या काळात मुंबईच्या पंचेचाळीस महापालिका शाळांत मुलगे व मुली या दोघांशीही लिंगभावविषयक काम झाले. यांत संबोधन बदलले, एवढीच मुख्य गोष्ट. पण ती मूलभूत आहे.

आमच्या सूचना थोड्याच आहेत. लिंगभाव-प्रशिक्षणाच्या कलमात ‘मुली’ या शब्दाशेजारी ‘मुलगे’ हा शब्द घालावा. समुपदेशन केंद्राच्या तरतुदीत मारणाऱ्याशी बोलण्याचे कामही स्पष्ट शब्दांत लिहावे. आणि हे सारे लोकांच्या बोलीत व्हावे. धुळ्याची अहिराणी, यावल-रावेरची लेवा बोली, शिरपूरच्या सातपुड्यातील पावरी या बोलणाऱ्या मुलांना ‘लैंगिक’ हा शब्द शाळेतील पुल्लिंग-स्त्रीलिंगाची आठवण देतो. स्वतःच्या देहाची नाही. जो शब्द घरात उच्चारला जात नाही त्या शब्दात तक्रार कशी करावी? बोलीतील शब्द जमविण्याचे काम आपल्यासारख्या विभागांचे आहे आणि त्याला फार खर्चही नाही.

सर्वेक्षणात राज्यातील विवाहितांपैकी २५.२ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा झाल्याचे सांगितले. या आकड्याच्या दुसऱ्या बाजूला तेवढेच पुरुष आहेत. त्यांची टक्केवारी कोणी छापीत नाही. अहिराणीत मुलीला ‘आंडेर’ म्हणतात आणि मुलाला ‘आंडोर’. दोन शब्द शेजारी ठेवले तर फरक एका स्वराचा आहे. आपल्या निधीला आजवर आंडेर तेवढी ठाऊक आहे. आंडोर कर्ता आहे, हे ज्या दिवशी अंदाजपत्रकात लिहिले जाईल, त्या दिवशी प्रतिबंधाचे पहिले वाक्य व्याकरणशुद्ध होईल.