‘कोणता स्पीकर घेऊ?’ या प्रश्नात काय राहून जातं

गेल्या वर्षीच्या प्रगती अहवालात मी एक वाक्य लिहिलं होतं: ‘ध्वनिमुद्रण क्रमांक सातमध्ये डग्ग्याचा घुमार क्षीण आहे, वादकाच्या वयोमानानुसार डाव्या हाताचा दाब कमी झाला असण्याची शक्यता आहे.’ वाचायला कसं भारदस्त वाटतं ना? पण ते वाक्य साफ चुकीचं होतं.

वादक म्हणजे आमच्याच इमारतीतले काका. वय बहात्तर. एक पैसा न घेता त्यांनी माझ्यासाठी दोन तास वाजवलं होतं. अहवाल मार्गदर्शकांकडे गेला, त्यांनी तीच फाइल हेडफोनवर ऐकली आणि मला फोन केला. “डग्गा चांगला भरलेला आहे की! तू कशावर ऐकलंस?”

“नवीन स्टुडिओ मॉनिटरवर, सर,” मी जरा ऐटीतच सांगितलं.

“आणि कुठे बसून?”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. शिष्यवृत्तीतून वाचवलेले पैसे घालून घेतलेले ते स्पीकर खराब नव्हते. पण ते निवडताना मी जेवढं वाचलं आणि पाहिलं, त्यात खोलीबद्दल एक शब्द नव्हता. तुमच्यापैकी जे ‘पेट’ किंवा ‘नेट’ची तयारी करताहेत आणि पुढे संगीत, लोकगीतं, बोलीभाषा अशा ऐकण्याशी बांधलेल्या विषयात जाणार आहेत, त्यांनाही कधीतरी घरच्या घरी रेकॉर्डिंगची व्यवस्था लावावी लागेल. तेव्हा स्पीकरबद्दल जे लिहिलं-बोललं जातं ते वाचायचं कसं, याबद्दल हा लेख. शोधनिबंध वाचण्याची सवयही यातूनच लागेल.

आकडा खरा, पण अर्धा

आधी माहितीपत्रक घेऊ. यामाहा एचएस५ हा पाच इंची मॉनिटर घरगुती स्टुडिओंत भरपूर दिसतो. त्याच्या माहितीपत्रकात ५४ हर्ट्झ ते ३० किलोहर्ट्झ असा पल्ला दिलेला आहे. तिथेच दुसरी जोडीही आहे: ७४ हर्ट्झ ते २४ किलोहर्ट्झ. दोन्ही खरे. पहिला पल्ला आवाज १० डेसिबलने खाली येईपर्यंत मोजलेला आहे, दुसरा फक्त ३ डेसिबलने खाली येईपर्यंत. १० डेसिबलने उतरलेला आवाज कानाला ढोबळमानाने निम्माच वाटतो. म्हणजे ५४ हर्ट्झला हा स्पीकर वाजतो, पण दबक्या आवाजात.

जेबीएल ३०५पी एमके२ बद्दलही तेच. १० डेसिबलच्या हिशेबाने तो ४३ हर्ट्झपर्यंत जातो, ३ डेसिबलच्या हिशेबाने ४९ पर्यंत. कंपन्या दोन्ही आकडे छापतात. गोची पुढे होते. परीक्षण लिहिणारा एकाचा ५४ उचलतो, दुसऱ्याचा ४९ उचलतो आणि सांगतो, ‘फरक फक्त पाच हर्ट्झचा.’ खरी तुलना ७४ विरुद्ध ४९ अशी आहे, आणि ज्याला डग्गा, पखवाज किंवा संबळ ऐकायचाय त्याच्यासाठी हा फरक मोठा आहे. पोवाड्याच्या शाहिराचे शब्द उतरवून घेणाऱ्याला मात्र तो जाणवणारही नाही.

शोधनिबंधातला कुठलाही आकडा दिसला की त्याची अट शोधा. अट सापडली नाही तर तो आकडा दुसऱ्या आकड्याशेजारी ठेवू नका.

कोणी ऐकलं, कुठे ऐकलं, किती मोठ्याने ऐकलं

आता परीक्षणं. सगळ्यात लोकप्रिय प्रकार व्हिडिओचा. दोन स्पीकर आळीपाळीने वाजतात, समोरचा माइक ते टिपतो, ती फाइल आकसते आणि तुम्ही ती मोबाइलवर ऐकता. इथे तुम्ही नक्की काय ऐकलंत? स्पीकर, त्या माणसाची खोली, त्याचा माइक आणि सगळ्यात शेवटी तुमच्या मोबाइलचा इवलासा स्पीकर. ‘पहिल्यात बेस जास्त आहे’ असं वाटलं, तर तो फरक यातल्या कोणत्या पायरीवर आला हे सांगणं अशक्य आहे.

लेखी परीक्षणांत ‘उबदार’, ‘मोकळा’, ‘खुलं स्टेज’ असे शब्द येतात. माझं या शब्दांशी भांडण नाही. आपणही आवाजाला गोड, टोकदार, घुमारदार म्हणतोच. भांडण आहे ते न सांगितलेल्या गोष्टींशी. दोन्ही स्पीकरचा आवाज समान पातळीवर आणला होता का? फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच दाखवून दिलं की आवाज लहान केला की खालचे स्वर कानाला जास्त प्रमाणात कमी ऐकू येतात. म्हणून जरा मोठ्याने वाजणारा स्पीकर भरदार वाटतो आणि दुकानात तोच जिंकतो. रात्री शेजाऱ्यांच्या भीतीने तोच हळू लावला की पातळ वाटतो. स्पीकर तोच असतो.

आणि डोळ्यांचं काय? फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली हरमन या कंपनीत एक प्रयोग मांडला. चाळीस श्रोते, चार स्पीकर. एकदा पडद्याआड, एकदा समोर दिसताना. मोठे, महागडे स्पीकर दिसू लागल्यावर मतं त्यांच्याकडे झुकली. पडद्याआड चांगले गुण मिळवणारी लहान, स्वस्त जोडी दिसताच मागे पडली. यातले श्रोते कंपनीचेच कर्मचारी होते, आणि कंपनी स्पीकर विकते. हे खटकलं पाहिजे. पण हितसंबंध दिसला म्हणून अभ्यास फेकून द्यायचा नसतो. पद्धत इतकी उघड आहे का की दुसरा कोणी ती करून पाहू शकेल, हे बघायचं. इथे ती आहे. तुम्ही मित्राला स्पीकरपुढे पातळ पडदा धरायला सांगून घरी छोटी आवृत्ती करू शकता. मी ज्या परीक्षणांवर विसंबून पैसे मोजले, त्यातल्या एकातही हे शक्य नव्हतं.

पांढऱ्या शंकूचा धडा

‘चांगला मॉनिटर’ म्हणजे काय, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. यामाहाचा एनएस-१० हा पांढऱ्या शंकूचा स्पीकर १९७८ मध्ये घरगुती संगीतासाठी बाजारात आला. घरी तो फारसा कोणाला आवडला नाही. पण स्टुडिओवाल्यांनी तो मिक्सिंग टेबलावर ठेवला आणि तो जगभरच्या स्टुडिओंचा मापदंड झाला. वरचे स्वर कानाला टोचतात म्हणून ट्वीटरवर टिश्यू पेपर चिकटवण्याची पद्धतही पडली. २००१ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं.

त्याच वर्षी फिलिप न्यूवेल, कीथ हॉलंड आणि ज्युलियस न्यूवेल यांनी ‘हाच का?’ या प्रश्नावर निबंध सादर केला. मोजमापात त्याचा आलेख सपाट नव्हताच. खालचे स्वर कमी, मधले उचललेले. पण दोन गोष्टी समोर आल्या. बंद पेटीमुळे त्याचा खालचा आवाज चटकन थांबतो, रेंगाळत नाही. आणि टेबलावर, भिंतीजवळ ठेवला की त्या जागेमुळे त्याचे कमी पडणारे खालचे स्वर भरून निघतात. म्हणजे ज्याला आपण स्पीकरचा गुण म्हणत होतो, त्यातला काही वाटा तो ठेवला जायचा त्या जागेचा होता. हा निबंध मी स्पीकर घेण्याआधी वाचला होता. टिपणंही काढली होती. माझ्या टेबलाशी त्याचा काही संबंध असेल, हे मात्र डोक्यात आलं नाही.

दहा बाय दहा

वांद्रे पश्चिमेला मेहबूब खान यांनी १९५४ साली उभारलेला मेहबूब स्टुडिओ आहे. असा स्टुडिओ उभा राहतो तेव्हा काम ठरवून जागा बांधली जाते. आपल्याला जागा आधीच मिळालेली असते, तीही घरमालकाच्या अटींवर. माझी खोली वांद्रे पूर्वेला: दहा बाय दहा, उंची साडेनऊ फूट. घर शोधताना चौरस खोली मिळाली म्हणून मी खूश होतो.

आता हिशेब करा. मुंबईच्या तीस अंश तापमानात ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४९ मीटर. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये जो पहिला सूर अडकून घुमतो, त्यासाठी वेगाला अंतराच्या दुपटीने भागायचं. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर, उत्तर ५७ हर्ट्झ. लांबीतही ५७, रुंदीतही ५७ आणि उंचीत ६०. तिन्ही एकाच ठिकाणी येऊन बसले. खोलीच्या कोपऱ्यात तो सूर गर्जतो आणि बरोबर मध्यभागी जवळजवळ नाहीसा होतो. माझी खुर्ची मध्यभागी होती, पंख्याखाली. मे महिन्यात आणखी कुठे बसणार?

खरा घात मात्र दुसऱ्याच गोष्टीने केला. ‘मॉनिटर भिंतीपासून लांब ठेवा’ असा सल्ला सगळीकडे मिळतो, म्हणून मी टेबल पुढे ओढलं होतं. शंकूपासून मागच्या भिंतीपर्यंत ९० सेंटिमीटर. खालचे स्वर स्पीकरच्या मागेही पसरतात, भिंतीवर आपटून परततात आणि एका विशिष्ट सुराला पुढच्या आवाजाच्या नेमके उलट येऊन त्याला खोडतात. तो सूर काढायला वेगाला अंतराच्या चौपटीने भागायचं: ३४९ भागिले ३.६, म्हणजे ९७ हर्ट्झ. काकांच्या डग्ग्याचा मूळ सूर नंतर आलेखावर पाहिला, तो ९५ च्या आसपास होता.

थोडक्यात, काकांचा डावा हात माझ्या भिंतीने खाल्ला होता, आणि मी त्याचं खापर त्यांच्या वयावर फोडलं होतं.

तो सल्ला चूक नाही. मोठ्या खोलीत स्पीकर दोन-अडीच मीटर पुढे आणता येतो, तेव्हा हा खड्डा खूप खाली सरकतो. दहा फुटांच्या खोलीत ‘लांब’ म्हणजे पाऊण-एक मीटर, आणि तेवढं अंतर तबल्यासाठी सगळ्यात वाईट. सल्ल्यालाही अट असते, ती सांगितली जात नाही इतकंच.

मग घ्यायचं काय?

माझं मत स्पष्ट सांगतो. दहा बाय दहा खोलीत आठ इंची स्पीकरवर पैसे घालू नका. जे सूर खोली नीट वाजवूच देत नाही, त्यांसाठी ती किंमत असते. स्वतःचा अॅम्प्लिफायर असलेली पाच इंची जोडी पुरते, पण मागे खालचे स्वर कमी करण्याचं बटण हवं. एचएस५ ला ते आहे, ५०० हर्ट्झच्या खाली २ किंवा ४ डेसिबल कमी करणारं. त्यामुळे स्पीकर भिंतीच्या जवळ सरकवता येतो आणि भिंतीमुळे वाढलेला बेस बटणाने आवरता येतो. साडेतीन इंची स्वस्त जोड्याही ‘मॉनिटर’ नावाने मिळतात. मुलाखती उतरवायला त्या चालतील, तालवाद्यांना नाही.

सगळं बजेट स्पीकरवर उडवू नका. एक तृतीयांश बाजूला ठेवा: स्टँड, मोजमापाचा साधा माइक आणि रॉकवूलचे चार इंची जाड पॅनल. अंड्यांचे ट्रे आणि इंचभर फोम यांनी खोली स्टुडिओसारखी दिसते, एवढंच. ९५ हर्ट्झची लाट बारा फूट लांब असते, तिला इंचभर फोम काय अडवणार? ‘रूम ईक्यू विझार्ड’ हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. पंखा बंद करा, गाड्यांची वर्दळ कमी असेल तेव्हा मोजा, खुर्ची वीतभर पुढे-मागे करा, परत मोजा.

तुम्ही विचाराल, मार्गदर्शकांना हेडफोनवर खरं ऐकू आलं, मग हेडफोनच का नको? रास्त प्रश्न आहे. एकट्याने ऐकायचं असेल आणि पैसे कमी असतील, तर आधी चांगले हेडफोनच घ्या. त्यात खोली आड येत नाही. स्पीकर लागतात ते वादक, तुम्ही आणि मार्गदर्शक यांना एकच गोष्ट एकत्र ऐकून तिच्यावर बोलायचं असतं तेव्हा. माझ्या कामात ते रोजचं आहे. तुमच्या कामात आहे का, हे आधी ठरवा. ‘कोणता स्पीकर घेऊ?’ या प्रश्नाआधी ‘कशासाठी, कुठे बसून, कोणासोबत ऐकणार?’ हे प्रश्न लिहून काढा. मग दुकानात जा.

आणि प्रबंधाच्या पद्धतीच्या प्रकरणात एक ओळ नक्की लिहा: खोलीची मापं, स्पीकरची आणि खुर्चीची जागा, आवाजाची पातळी. ही ओळ मी लिहायला बसलो असतो, तर चूक तिथेच सापडली असती.

अहवालातलं ते वाक्य मी काढलं. टेबल मागे सरकवलं, शंकू भिंतीपासून ३० सेंटिमीटरवर आला, बटण २ वर गेलं, खुर्ची मध्यातून पुढे आली. मग काकांना वर बोलावलं. मी काय लिहिलं होतं तेही सांगितलं, कारण न सांगता त्यांच्याकडून आणखी रेकॉर्डिंग मागणं मला जमलं नसतं. ते काही बोलले नाहीत. खुर्चीत बसून सातवं रेकॉर्डिंग शेवटपर्यंत ऐकलं.

“डग्गा ठीक आहे,” ते म्हणाले. “पण शेवटी दायां उतरलाय, तुला कळलं नाही?”

मी तपासलं. खरंच उतरला होता. माझ्या अहवालात त्याचा उल्लेखच नव्हता.