खर्च घटतो की सरकतो? : व्हिडिओ स्ट्रीमिंगमधील संसाधन-वाटपाची चिकित्सा

प्रस्तावना

व्हिडिओ स्ट्रीमिंग सेवांसाठी क्लाउडमधील संसाधनांचे किफायतशीर वाटप हा गेल्या दीड दशकातील संगणकशास्त्रीय संशोधनाचा आवडता विषय आहे. या विषयावरील निबंधांची घडण बहुधा सारखीच असते. प्रेक्षकांची मागणी गृहीत धरायची, ती भागविण्यासाठी किती आभासी यंत्रे केव्हा भाड्याने घ्यावीत हे ठरविणारा अल्गोरिदम मांडायचा, मेलबर्न विद्यापीठात विकसित झालेल्या क्लाउडसिमसारख्या आज्ञावलीत तो तपासायचा आणि जुन्या पद्धतीपेक्षा खर्च अमुक टक्क्यांनी कमी झाला असा निष्कर्ष काढायचा. यातील आकडेमोड सहसा बिनचूक असते. आक्षेप आहे तो मांडणीवर. येथे कोणाचा खर्च मोजला जातो आणि तो खरोखर घटतो की एकाकडून दुसऱ्याकडे सरकतो, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

मागणीचे गृहीतक

अनेक प्रारूपांत प्रेक्षक परस्परांपासून स्वतंत्रपणे येतात असे मानलेले असते. चित्रपटांच्या संग्रहाबाबत हे बऱ्याच अंशी चालून जाते; थेट प्रक्षेपणाबाबत मात्र ते टिकत नाही. ९ व १० जुलै २०१९ रोजी मँचेस्टर येथे झालेला भारत-न्यूझीलंड विश्वचषक उपांत्य सामना हे त्याचे ठळक उदाहरण होय. त्या वेळी हॉटस्टारवर (२०२५ पासून जिओहॉटस्टार) एकाच वेळी सुमारे २.५३ कोटी प्रेक्षक होते. धोनी धावचीत झाला आणि ही गर्दी झपाट्याने ओसरली. येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, सामना सोडणारा प्रेक्षक बहुधा मुखपृष्ठावर परततो. त्यामुळे व्हिडिओवरचा भार उतरतो त्याच क्षणी मुखपृष्ठ पुरविणाऱ्या सर्व्हरवरचा भार उसळतो. एका धावबादने कोट्यवधी लोक एकच कृती करतात, तेथे 'स्वतंत्र आगमन' हे गृहीतक उरत नाही.

याच कारणास्तव या सेवेच्या अभियंत्यांनी क्लाउडमधील तयार स्वयंचलित वाढ-घटीवर विसंबून न राहता, प्रेक्षकसंख्येच्या टप्प्यांनुसार यंत्रे आधीच सज्ज ठेवण्याची पद्धत स्वीकारली होती. नवे यंत्र सुरू होऊन कामाला लागेपर्यंत काही वेळ जातो, आणि भारताच्या डावात तेवढा वेळ मिळत नाही. संशोधन-निबंधात रिकाम्या यंत्राची नोंद 'अपव्यय' अशी होते. प्रत्यक्षात ते विम्याच्या हप्त्यासारखे असते. हा भेद न मानणारे प्रारूप नेमक्या गर्दीच्या क्षणी प्रेक्षकाला अडकलेल्या चित्रासमोर बसवते, आणि त्याचा तो तोटा कोणत्याही देयकात दिसत नाही.

बचत खरोखर कोठे झाली?

प्रत्यक्षातील मोठ्या बचतींकडे पाहिले तर वाटपाच्या अल्गोरिदमचा वाटा अपेक्षेपेक्षा कमी आढळतो. नेटफ्लिक्सने २००८ मधील डेटाबेस-बिघाडानंतर ॲमेझॉनच्या क्लाउडकडे स्थलांतर सुरू केले व ते जानेवारी २०१६ मध्ये पूर्ण केले. तथापि प्रेक्षकापर्यंत जाणारा व्हिडिओ त्या क्लाउडमधून निघत नाही. तो इंटरनेट पुरवठादारांच्या जाळ्यात ठेवलेल्या कंपनीच्या स्वतःच्या साठवण-यंत्रांतून येतो, आणि ही यंत्रे कमी वर्दळीच्या वेळी भरून घेतली जातात. डिसेंबर २०१५ मध्ये याच कंपनीने प्रत्येक कलाकृतीच्या दृश्यगुणांनुसार एन्कोडिंग ठरविण्याची पद्धत जाहीर केली. सपाट रंगांच्या व्यंगचित्रपटाला धावपळीच्या दृश्यांइतका बिटदर लागत नाही, एवढ्या साध्या निरीक्षणावर ती उभी आहे.

ॲमेझॉन प्राइम व्हिडिओच्या चमूने २०२३ मध्ये असे मांडले की, प्रवाहातील दोष शोधणाऱ्या एका यंत्रणेचे विखुरलेले भाग एकाच प्रक्रियेत आणल्याने तिचा खर्च ९० टक्क्यांहून अधिक घटला. हे उदाहरण संपूर्ण प्राइम व्हिडिओबद्दलचे समजून अनेक ठिकाणी चुकीने सांगितले गेले. ते केवळ त्या देखरेख-यंत्रणेपुरते आहे. तरीही त्याचा बोध स्पष्ट आहे. बचत झाली ती रचना बदलल्याने.

घटलेला आणि सरकलेला खर्च

येथे दोन प्रकारच्या बचतींत भेद करणे आवश्यक ठरते. कलाकृतीनुसार एन्कोडिंग केल्यास दर्जा न ढळता बिटदर उतरतो. कंपनीची बँडविड्थ वाचते आणि प्रेक्षकाचा डेटाही वाचतो. हा खर्च खरोखर घटला. याउलट सर्वांनाच सरसकट खालच्या दर्जाचे चित्र दिले, तर देयक उतरते. परंतु उणीव प्रेक्षकाच्या पडद्यावर जाऊन बसते. हा खर्च सरकला.

मार्च २०२० मध्ये भारतातील प्रमुख सेवांनी मोबाइल जाळ्यांवरील चित्र ४८० रेषांपर्यंत मर्यादित ठेवण्याचे ठरविले, तेव्हा त्यामागे टाळेबंदीतील वर्दळीचे जाहीर कारण होते आणि १४ एप्रिलची मुदतही होती. कारण व मुदत न सांगता अल्गोरिदमने तेच केले, तर त्यास केवळ 'कार्यक्षमता' म्हणता येणार नाही.

अर्थात प्रेक्षकाच्या दृष्टीनेही कमी बिटदर नेहमी तोट्याचाच असतो असे नव्हे. सेकंदाला ३ मेगाबिट दराने तासाला सुमारे १.३५ जीबी डेटा लागतो. रोजची मर्यादा दीड जीबी असलेल्या विद्यार्थ्याचा डेटा तासाभराहून थोड्या अधिक वेळात संपतो. १ मेगाबिट दराने तोच सव्वातीन तास पुरतो. तालुक्याच्या गावी मोबाइलवर व्याख्यान पाहणाऱ्या विद्यार्थ्याला चित्राच्या झळाळीपेक्षा फळ्यावरची अक्षरे अधिक वेळ वाचता येणे महत्त्वाचे वाटेल. म्हणून प्रश्न केवळ दर्जा किती हा नाही. तो कोणी ठरवावा हा आहे.

निष्कर्ष

आपल्या महाविद्यालयांतून या विषयावर प्रकल्प व शोधनिबंध सिद्ध होत असताना मार्गदर्शक व परीक्षक यांनी तीन प्रश्न विचारावेत. मागणीचे गृहीतक थेट प्रक्षेपणाच्या गर्दीवर तपासले आहे काय? खंड पडणे, दर्जा उतरणे आणि डेटा खर्च होणे यांची नोंद खर्चाच्या सूत्रात आहे काय? आणि सिद्ध झालेली बचत रचनेतील बदलाने अधिक सोप्या रीतीने साधली असती काय? यांची उत्तरे नसतील, तर टक्केवारी कितीही आकर्षक असो, तिने एका पक्षाचे देयक कमी केले एवढेच सिद्ध होते. प्रेक्षकाचा रकाना कोरा ठेवून मांडलेला ताळेबंद किफायतशीर म्हणविण्यास पात्र ठरत नाही.